मंडळी घर सोडून गेली आहे

पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या पेटीतून तिसरी चिठ्ठी काढली आणि डागमास्तरांनी ती लांबूनच ओळखली. चिठ्ठी त्यांचीच होती. दवाखान्याच्या धुलाईखात्यात गठ्ठ्यांना लावतात त्या पिवळ्या कागदाचा चतकोर तुकडा, चार घड्या घातलेला, आणि घड्या इतक्या काटकोनात की त्या चर्चमध्ये दुसऱ्या कोणाच्या बापाला जमल्या नसत्या. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, असा तिथला नियम. पण नुसत्या घडीवरून माणूस ओळखू येईल, हे आधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाळकसाहेब तरुण होते, येऊन सहाच महिने झाले होते. त्यांनी चिठ्ठी उलगडली, मनातल्या मनात वाचली, चष्मा काढून पुसला आणि मग सगळ्यांना वाचून दाखवली.

"मंडळी नऊ आठवड्यांपूर्वी घर सोडून गेली आहे. चूक कोणाची ते देवाला ठाऊक. तिने परत यावं म्हणून प्रार्थना करावी."

आता हसतील, असं वाटून डागमास्तरांनी मान खाली घातली. पण कोणी हसलं नाही. पहिल्या बाकावर निवृत्त हेडमास्तरांनी रुमाल काढला. पलीकडच्या बाजूला मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले. पाळकसाहेबांचा आवाज भरून आला होता.

"ज्याने हे लिहिलं त्याचे मी आभार मानतो," ते म्हणाले. "आपण सगळे जे बोलायला घाबरत होतो ते या माणसाने तीन ओळींत सांगून टाकलं. आपली मंडळी, प्रभूची मंडळी, घर सोडून गेली आहे."

डागमास्तरांनी दचकून वर पाहिलं. काय घोटाळा झाला ते त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

घोटाळा एका शब्दाचा होता. चर्चमध्ये जमणाऱ्या सगळ्या भाविकांना मिळून मंडळी म्हणतात. आणि जुन्या वळणाचा नवरा आपल्या बायकोलाही मंडळीच म्हणतो. 'मंडळींना विचारून सांगतो.' 'आमची मंडळी जरा नाराज आहे.' डागमास्तर हे त्या जातीच्या नवऱ्यांतले बहुधा शेवटचे. चौतीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. इकडे पाळकसाहेब लहानपणापासून वसतिगृहात वाढलेले, लग्न व्हायचं होतं. त्यांना मंडळी म्हटलं की एकच मंडळी ठाऊक. बाकीच्यांना दुसरा अर्थ माहीत नव्हता असं नाही, पण त्या सकाळी सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय घोळत होता, आणि चिठ्ठी त्याच विषयाला फिट्ट बसली.

विषय होता उपासनेच्या वेळेचा. पन्नास वर्षं उपासना सकाळी आठला होत आली होती. मेट्रनबाईंचं म्हणणं, रात्रपाळी करून आलेल्या नर्सेसनी आणि पोरंबाळं असलेल्या बायकांनी आठला कसं यायचं, दहा करा. हेडमास्तरांचं म्हणणं, देवासाठी लवकर उठता येत नसेल तर झोपूनच राहा. यावरून जुंपली ती अशी की नऊ आठवड्यांपूर्वी मंडळी सरळ दुभंगली. आठवाले आठला येत, दहावाले दहाला, आणि मधल्या वेळात फाटकात समोरासमोर आले तरी एकमेकांकडे बघत नसत. आज सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं ते कायमचा निकाल लावायला. उपासना संपली की हात वर करून मत द्यायचं होतं, एक राहायचं की दोन व्हायचं. आजची वेळ नऊ ठेवली होती. आठ नाही, दहा नाही, म्हणून नऊ, आणि एवढ्या तडजोडीलाही तीन बैठका लागल्या होत्या.

ज्या आठवड्यात ही मंडळी फुटली, त्याच आठवड्यात डागमास्तरांची मंडळी गेली. योगायोग, दुसरं काय.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकायला हवं. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर सोडाच. अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखात्यात होते. तळघरातली लांबोडकी खोली, एका बाजूला घरघरणारे ड्रम, दुसऱ्या बाजूला चादरी गिळून गरमागरम बाहेर काढणारा रोलर, आणि मधे यांचं टेबल. धुऊन आलेला प्रत्येक कपडा त्या टेबलावर पसरायचा, उरलेला डाग हुडकायचा, तो कशाचा आहे ते ओळखायचं आणि त्याच्यावर इलाज करायचा. रक्ताला गार पाणी, गरम लावलं की डाग जन्माचा चिकटतो. गंजाला वेगळं औषध, शाईला वेगळं. दहा हातांवरून ते सांगायचे, हा आयोडीनचा, हा औषधाच्या गोळीचा, हा चहाचा आणि तोही नर्सेसच्या खोलीतला. म्हणून नाव पडलं डागमास्तर. चर्चमधल्या वेदीवरचं पांढरं कापडही तेच धुऊन आणायचे, आणि त्यावर इस्त्रीची अशी कड असायची की बोट कापेल.

दोष एकच, आणि तो पोटापाण्याबरोबरच घरात आलेला. त्यांना घरीसुद्धा डागच दिसायचे. बायको चांगली तयार होऊन समोर आली की ते बोलायचे काहीच नाहीत, नुसतं बोट दाखवायचे. कॉलरवर. बाहीवर. पदर असो की ओढणी, बोट नेमकं जागेवर. सुरुवातीला ती हसत जाऊन कपडे बदलून यायची. पुढे गप्प राहून बदलायला लागली. पुढे पुढे तर ती आरशासमोर उभी राहण्याऐवजी दारात थांबून यांच्या बोटाचीच वाट बघायची. लेक एकदा म्हणालीही होती, "बाबा, घर आहे हे, तुमचं टेबल नाही." त्यावर ते मनापासून म्हणाले होते, "अगं, मी काही बोललो का?"

मग बायकोचा भाऊ वारला. शेवटचे आठ दिवस ती त्याच्या उशाशी होती. डागमास्तर दफनाच्या वेळी तासाभरासाठी येऊन गेले, तसेच पाळीवर गेले आणि दुपारी घरी येऊन, रिकामं घर बघवेना म्हणून, फरशी पुसत बसले. ती आली तेव्हा फरशी ओली होती. कबरीजवळची माती भिजलेली असणार, तिच्या पांढऱ्या कपड्याची खालची कड वीतभर चिखलाने माखली होती. ती दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आठ दिवसांनी घरी येत होती.

डागमास्तरांनी बोट दाखवलं.

चिखल हा तसा सगळ्यात गरीब डाग. त्याला नुसतं वाळू द्यायचं, मग झाडला की निम्मा आपोआप गळून पडतो. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी बोट गेलंच. तिने त्या बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही डागांशीच लग्न करायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि त्याच पावली उलटी फिरली, ती भावजयीकडे जाऊन राहिली.

नऊ आठवडे झाले. डागमास्तर गेले नाहीत. आज येईल, उद्या येईल, असं करत राहिले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तीन स्टॉप आहेत हो फक्त!" तर म्हणाले, "आलो असतो, पण सध्या पाळी फार." चर्चमध्ये ती दहावाल्यांत बसू लागली, हे आठवाल्यांतच राहिले, त्यामुळे तिथेही गाठ पडेना. शेवटी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. आधी लिहिलं, 'चूक माझी आहे.' ते वाचलं. कागदावर हाताचा घाम लागलाय, असं स्वतःला सांगून तो फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं, 'चूक कोणाची ते देवाला ठाऊक.'

आणि आता ती चिठ्ठी पाळकसाहेबांच्या हातात होती, आणि ती स्वतः उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, भावजयीच्या शेजारी बसली होती. डागमास्तर डावीकडे मागे. त्यांना तिची नुसती पाठ दिसत होती. चिठ्ठी वाचून झाली तेव्हा ती पाठ ताठ झाली. तिने ओळखलं होतं. हा शब्द आणि ही अंग चोरण्याची तऱ्हा, दोन्ही जगात एकाच माणसाची होती.

पाळकसाहेबांनी लिहून आणलेला उपदेश बाजूला ठेवला.

"मंडळी ही प्रभूची नवरी आहे," ते म्हणाले. "आपण लहानपणापासून ऐकतो, पण आज जरा डोळ्यांसमोर आणा. एक घर आहे. घरात नवरा आहे. कसा नवरा? ज्याच्यात खोट काढायला जागा नाही असा. त्याने कधी आवाज चढवला? कधी हात उगारला? नाही! आणि ही नवरी मात्र तरातरा निघून गेली. कशावरून? एका बारीकशा गोष्टीवरून!"

डावीकडून, उजवीकडून माना हलल्या. घड्याळातल्या दोन तासांवरून आपण काय करून बसलो, असं प्रत्येकाला वाटत होतं. डागमास्तरांना मात्र समोरची एकच पाठ दिसत होती. 'बारीकशा गोष्टीवरून' म्हटल्यावर ती पाठ एकदा हलली. भावजयीने तिच्या हातावर हात ठेवला आणि मागे वळून डागमास्तरांकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर बाकाखाली शिरला असता.

पाळकसाहेबांना काय कल्पना? ते रंगात आले होते. "रुसून बसली आहे ही नवरी. स्वतःचंच खरं करते आहे. आणि तो बिचारा तिथे दारात उभा आहे, डोळे वाटेकडे लावून."

बिचारा! चर्चभर लोक रडत होते, आणि रडत होते त्यांच्याच बाजूने. त्यांना नवऱ्याच्या, म्हणजे साक्षात प्रभूच्या, जागी नेऊन बसवलं होतं, आणि जिला चिखलासकट घरात घ्यायला हवं होतं ती साठ माणसांच्या मधे आरोपीसारखी बसली होती. तिने पर्स मांडीवर घेतली. आता उठेल. आता उठून गेली तर परत या दारात दिसायची नाही, आणि त्यांच्या तर नाहीच नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

सांगावं का? उठून सांगितलं तर काय होईल तेही दिसत होतं. हेडमास्तर तर आपल्या जागेवरून उठून, मधली वाट ओलांडून, मेट्रनबाईंच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले होते. नऊ आठवड्यांत जे कोणाला जमलं नाही ते त्या पिवळ्या चतकोराने केलं होतं. आता जर कळलं की हे सगळं एका धोब्याच्या बायकोवरून चाललं होतं, तर हसू होईल, मग त्या हसण्याचा राग येईल, आणि रागाच्या भरात हात वर होतील ते दोन मंडळ्यांसाठी. एका माणसाने तोंड उघडलं म्हणून सगळं चर्च फुटलं, असं कायमचं नावावर लागेल. गप्प बसणं सोपं होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"पण ऐका," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज खाली आला. "हा नवरा तिला असं नाही म्हणत की जा, आधी डाग काढून ये, सुरकुत्या मोडून ये, मग घरात घेतो. डाग त्याला दिसत नाहीत का? सगळे दिसतात. पण तो बोट दाखवत नाही. तो स्वतः खाली बसतो आणि तिला धुतो. म्हणून ती नवरी शुभ्र. त्याच्या हातून शुभ्र."

डागमास्तरांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अनोळखी माणसांचं रक्त धुतलं होतं, ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत त्यांचं. बायकोचा एक डागही स्वतःच्या हाताने धुतलेला त्यांना आठवेना.

"तर चला, प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले. "की या रुसलेल्या नवरीला आपली चूक कळो आणि ती पदरात घेऊन तिने परत यावं. आणि आपण सगळे आमेन म्हणू."

साठ माना खाली गेल्या. पाळकसाहेबांनी सुरुवात केली. डागमास्तरांचे डोळे उघडेच होते. समोर उजवीकडे आणखी एक मान खाली गेली नव्हती. ती हळूच वळली. नऊ आठवड्यांनी बायकोचं तोंड त्यांना दिसलं. ती रडत नव्हती. रागही नव्हता. ती नुसती बघत होती, हा माणूस आमेन म्हणतो की काय ते.

"थांबा," डागमास्तर म्हणाले.

आवाज इतका फाटका निघाला की पाळकसाहेबांना कळेना कोण बोललं. डागमास्तर उभे राहिले. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"चिठ्ठी माझी आहे. मंडळी म्हणजे ही मंडळी नव्हे. मंडळी म्हणजे आमची मंडळी. माझी बायको."

क्षणभर कोणालाच उमगलं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू दोन्ही बाजूंनी पुढे सरकत गेलं. हेडमास्तर मेट्रनबाईंच्या बाकापाशी जसेच्या तसे उभे होते, रुमाल हातात, चेहरा लालबुंद. पाळकसाहेब चिठ्ठीकडे आणि डागमास्तरांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"हसा," डागमास्तर म्हणाले. "पण आमेन म्हणू नका. तिची चूक नाही. देवाला ठाऊक वगैरे लिहिलंय ते खोटं आहे. मलाच ठाऊक होतं. भावाला माती देऊन आली होती ती. रडून डोळे सुजले होते. मी तिला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. कपड्याला चिखल लागलाय म्हणून बोट दाखवलं. आणि तुम्ही मला नवऱ्याच्या जागी बसवलंत, पाळकसाहेब. तो मी नव्हे. मी पण डागाळलेलाच."

हसणं बंद झालं होतं. आता तिने काय करायचं ते तिच्यावर होतं, आणि सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. ती उठली.

"पाळकसाहेब, माझ्यासाठी प्रार्थना नको," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दुकानात काही विचारावं तसा. "मी हरवलेली नाही. भावजयीकडे आहे, दुसऱ्या मजल्यावर. यांना पत्ता ठाऊक आहे. नऊ आठवड्यांत यांनी देवाला कळवलं, तुम्हाला कळवलं, आता सगळ्या जगाला कळवलं. मला तेवढं कळवलं नाही."

तिने पर्स खांद्याला लावली आणि मधल्या वाटेने चालत, डागमास्तरांच्या बाकावरून न थांबता, दाराबाहेर गेली.

डागमास्तर तिथेच उभे. आशीर्वाद झाल्याशिवाय ते आजवर कधी चर्चच्या बाहेर पडले नव्हते, आणि पायांना ते जणू माहीत होतं.

"अहो मास्तर, उभे काय राहिलात?" मेट्रनबाई ओरडल्या. "जा ना!"

"पळा!" हेडमास्तर ओरडले.

नऊ आठवड्यांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. डागमास्तर निघाले. त्या दिवशी मतदान झालंच नाही. हात वर करायला जागेवर कोणी नव्हतं, आठवाले आणि दहावाले रस्त्याकडच्या खिडक्यांत दाटीवाटीने उभे राहून माना लांब करत होते, आणि पाळकसाहेबही त्यांच्यातच होते.

बसस्टॉप फाटकासमोरच. ती तिथे उभी होती. डागमास्तर धापा टाकत आले आणि हातभर अंतरावर थांबले. तिने वळून पाहिलं नाही.

"चूक माझी," ते म्हणाले.

"ऐकलं आत."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. ते चढले आणि तिच्या शेजारी बसावं की मागे, असे घुटमळत उभे राहिले. कंडक्टर आला. डागमास्तर खिसे चाचपत होते, पाकीट चर्चमध्ये कोटातच राहिलं होतं.

"दोन द्या," ती म्हणाली, आणि पर्स शेजारच्या जागेवरून उचलून मांडीवर घेतली.

ते बसले. बस वळणावर कलली तसा त्यांचा खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि ती सरकली नाही. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, साबणाने आणि औषधांनी पांढरी पडलेली ती बोटं.

"दादांचं सांग ना," ते हळूच म्हणाले. "शेवटचे आठ दिवस. मी विचारलंच नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. पहिला स्टॉप गेला. मग तिने सांगायला सुरुवात केली. आधी औषधांचं, मग त्याने पाणीसुद्धा घेणं कसं सोडलं ते, मग सहाव्या दिवशी त्याने बालपणीची कुठली तरी गोष्ट काढून तिला हसवलं होतं ते. तिथे पोचल्यावर ती रडायला लागली, मोकळी, सगळ्या बससमोर. डागमास्तर तोंड तिच्याकडे वळवून ऐकत राहिले. भावजयीच्या घराचा स्टॉप आला, चार माणसं उतरली, दोन चढली, कंडक्टरने घंटी मारली आणि बस पुढे निघाली, तरी ती सांगतच होती.